लॅपटॉपातली सोनूबाई

आपल्या मध्यमवर्गीय घरांत खरेदीची एक जुनी रीत आहे. शिलाईयंत्र घ्यावयाचे असो, पंखा असो की मिक्सर, चार घरी चौकशी करावी, ज्या नावाचा टिकाऊ म्हणून बोलबाला असेल ते ध्यानात ठेवावे आणि दुकानात जाऊन तेच मागावे. ही रीत मुळीच वाईट नाही. आमच्या आईने अशाच चौकशीने घेतलेला टेबलपंखा अजूनही माळ्यावर न जाता ओसरीत फिरतो आहे. परंतु अलीकडे बाजारात एक वस्तू अशी आली आहे की, जिच्या बाबतीत नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. ती म्हणजे लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड. एकाच नावाचे कार्ड दोन लॅपटॉपांत असते. एकात ते घोड्यासारखे दौडते, दुसऱ्यात धापा टाकीत चालते, आणि खोक्यावरची चिठ्ठी मात्र दोन्हींवर अक्षरशः सारखी! ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्याने केली त्याला आमच्या लॅमिंग्टन रोडवरची दुकाने पाहावयास मिळाली असती तर आणखी दोनचार म्हणी सहज सुचल्या असत्या.

मी एका कचेरीत संगणकांच्या देखभालीचे काम गेली अठरा वर्षे करीत आहे. त्यामुळे नात्यागोत्यांत कोणालाही यंत्र घ्यावयाचे झाले की फोन मला येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो डोंबिवलीहून आमच्या ताईचा आला. भाची मुंबईच्या एका कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला गेली. यंदापासून तिला त्रिमिती चित्रण, म्हणजे थ्री-डी, आणि चित्रफितींचे संकलन असे दोन विषय लागले. धाकटा भाचा अकरावीत. त्याला संध्याकाळी तासभर खेळावयाचे असते. दोघांत मिळून एकच लॅपटॉप घ्यावयाचा, आणि त्यासाठी ताई सव्वा लाखाची मुदतठेव मोडणार होती. “अरे, चार वर्षं तरी पुन्हा या वाटेला जायचं नाही. तेव्हा काय ते नीट बघ,” एवढेच ती म्हणाली. ठेव मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात महिन्याचा हिशेब वहीत लिहिला जातो त्यांना सांगावयास नको.

आता हे कार्ड करते तरी काय? लॅपटॉपचा साधा पडदा घेतला तरी त्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. हालते चित्र डोळ्यांना सलग दिसावे म्हणून खेळात ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावयाचे. गुणाकार करून पाहा: दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुशार मुनिमासारखा असतो. अवघडातले अवघड गणित तो करील, पण एका वेळी मोजकीच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तीन हजार पोरांची शाळा. प्रत्येक पोराला बेरीज-गुणाकारच येतो, पण सगळी एकदम पाटीवर लिहितात! उपमा घरगुती आहे, पण आकडा कल्पनेतला नाही. एनव्हिडिया कंपनीच्या ‘आरटीएक्स ५०६०’ या लॅपटॉपच्या कार्डात असे ३,३२८ लहान गणक असतात. या कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ नावाचे कार्ड काढले आणि ‘जीपीयू’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळविला. खेळांसाठी निघालेली ही विद्या पुढे चित्रपट, वास्तुशिल्प, रोगनिदान अशी सगळीकडे पसरली.

टेबलावरच्या मोठ्या संगणकात हे कार्ड एका खाचेत बसविलेले असते. जुने झाले, काढले. नवे आणले, बसविले. लॅपटॉपमध्ये बहुधा तसे नाही. तेथे कार्डाची चिप मुख्य पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. स्मृती, म्हणजे रॅम, पुष्कळ लॅपटॉपांत वाढविता येते. साठवणीची डिस्क बदलता येते. परंतु कार्ड जे घरात आले ते आले. म्हणूनच लॅपटॉप घेताना इतर साऱ्या गोष्टी एकीकडे आणि कार्ड एकीकडे, असा विचार करावा लागतो.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःलाच विचारला पाहिजे, आणि दुकानदार तो कधीही विचारणार नाही. वेगळे कार्ड आपल्याला हवेच आहे का? हल्ली प्रोसेसरच्या पोटातच चित्रांचे काम करणारा भाग असतो. इंटेलच्या २०२३ अखेरच्या ‘कोअर अल्ट्रा’ मालिकेपासून आणि एएमडीच्या ‘रेडिऑन ७८०एम’सारख्या भागांपासून ही पोटातली व्यवस्था बरीच सुधारली आहे. फोटोशॉपमध्ये छायाचित्रे दुरुस्त करणे, पत्रिका किंवा भित्तिपत्रके आखणे, सहलीची चित्रफीत जोडून तिला गाणे लावणे, आणि खेळांपैकी ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘माइनक्राफ्ट’, एवढेच ज्या घरात चालणार आहे, त्या घराने वेगळ्या कार्डासाठी तीसचाळीस हजार जास्त मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत चांगला पडदा आणि सोळा जीबी स्मृती घ्यावी. मात्र एक गोम आहे. पोटातल्या या भागाला स्वतःची स्मृती नसते. तो संगणकाच्याच रॅममधून उसनवारी करतो. ती रॅम एकाच पट्टीची असली तर त्याची वाट अरुंद होते आणि वेग चांगलाच घसरतो. इंटेलच्या ‘आयरिस एक्सई’चे तर असे होते की, रॅमची एकच पट्टी असली तर संगणक त्याला त्या नावाने ओळखतच नाही, नुसते ‘यूएचडी’ म्हणतो. तेव्हा ‘सोळा जीबी’ एवढे ऐकून समाधान मानू नये. आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत की सोळाची एकच, हे विचारावे. दुकानदार जरा दचकतो, आणि पुढचे सारे बोलणे अधिक सांभाळून करतो, हा वरचा फायदा.

भाचीची गोष्ट निराळी होती. तिला ‘ब्लेंडर’ शिकावयाचे होते. हे त्रिमिती चित्रणाचे साधन २००२ सालापासून सर्वांना फुकट आणि खुले आहे, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ‘फ्लो’ नावाचा लाटव्हियातला मांजराचा बोलपट (बोलपट तरी कसा म्हणावा, त्यात कोणी बोलतच नाही!) ब्लेंडरमध्येच तयार झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. साधन फुकट असले तरी त्याला यंत्र ताकदीचे लागते. एका चौकटीवर प्रकाश कसा पडेल, सावली कोठे पडेल, पितळेच्या समईत भिंतीचे प्रतिबिंब कसे दिसेल, हे सारे मोजून चित्र तयार करावयाचे. त्याला ‘रेंडर’ म्हणतात. दहा सेकंदांच्या दृश्याला सेकंदाला चोवीस प्रमाणे दोनशे चाळीस चौकटी. एका चौकटीला पाच मिनिटे लागली तर वीस तास झाले. एक मिनिट लागले तर चार तासांत सुटका. उद्या काम दाखवावयाचे असलेल्या विद्यार्थिनीला हा फरक चैनीचा नाही. येथे वेगळे कार्ड हवेच.

कोणत्या कंपनीचे, हा वाद मुलांत फार रंगतो. मी तो थोडक्यात आटोपतो. नुसते खेळावयाचे असेल तर एएमडीचे कार्डही उत्तम आणि कधी कधी स्वस्त. पण खेळ आणि कलाकाम दोन्ही करावयाचे असेल तर एनव्हिडियाकडे कल ठेवावा. ब्लेंडरमध्ये तिच्या कार्डांतली किरणांचा मार्ग मोजणारी खास यंत्रणा फार चांगली वापरली जाते, आणि ‘दा विंची रिझॉल्व्ह’सारख्या संकलनाच्या साधनांचीही तिच्याशी जुनी ओळख आहे. ॲपलच्या २०२० नंतरच्या चिपा चित्रफितींच्या कामाला छान आणि बॅटरीला काटकसरी; परंतु त्यांवर चालणारे खेळ थोडे. आमच्या भाच्याने ते नाव निघताच असा चेहरा केला की तो विषय तेथेच मिटला.

आता सोनूबाईकडे वळू. कार्डाच्या नावातील ‘४०६०’, ‘५०६०’ हे आकडे म्हणजे पिढी आणि पायरी. पहिले दोन आकडे पिढीचे, पुढचे दोन पायरीचे. येथपर्यंत सरळ आहे. पण टेबलावरच्या संगणकातील कार्ड आणि लॅपटॉपमधील कार्ड यांना नाव एकच असले तरी आत वस्तू एकच असते असे नाही. टेबलावरच्या ‘४०७०’ मध्ये ५,८८८ गणक आणि १२ जीबी स्मृती. लॅपटॉपच्या ‘४०७०’ मध्ये ४,६०८ गणक आणि ८ जीबी. ‘४०९०’ ची तफावत तर याहून मोठी. टेबलावर १६,३८४ गणक, लॅपटॉपमध्ये ९,७२८. एखाद्याने शेजारच्या मुलाच्या मोठ्या संगणकावर खेळ पाहून तेच नाव लॅपटॉपमध्ये मागितले, तर त्याच्या पदरी काय पडेल हे यावरून कळावे.

पण खरी मेख त्याच्याही पुढे आहे, आणि ती म्हणजे वॅट. कार्डाला किती वीज घेऊ द्यावयाची हे लॅपटॉप बनविणारा ठरवितो. जास्त वीज म्हणजे जास्त वेग, पण जास्त उष्णताही. ती बाहेर काढावयास जाड अंग, मोठे पंखे, तांब्याच्या नळ्या लागतात. लॅपटॉप सडपातळ करावयाचा असेल तर विजेला कात्री लावावी लागते. ‘आरटीएक्स ४०६०’ या एकाच नावाखाली ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मुभा आहे. तीच चिप, तेच ३,०७२ गणक; पण एकीला चूलभर जाळ आणि दुसरीला मेणबत्ती. वॅट तिप्पट झाले म्हणून वेग तिप्पट होत नाही हे खरे, वरवर जाता जाता फायदा कमी होत जातो. तरी खालच्या टोकाचे यंत्र वरच्या टोकाच्या पुष्कळ मागे राहते. हा प्रकार नवा नाही. २०१७ साली ‘एमएक्स१५०’ नावाचे एक छोटे कार्ड निघाले होते. पुढल्या वर्षी परीक्षण करणाऱ्यांच्या ध्यानात आले की, त्या एकाच नावाने दोन वाण विकले जात आहेत, एक २५ वॅटचा आणि एक १० वॅटचा. त्यानंतर काही काळ मंद वाणाला नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ अशी शेपटी लावण्याची पद्धत मोठ्या कार्डांत होती. तेवढी तरी खूण ग्राहकाला मिळे. २०२१ साली तीही गेली. वॅटचे आकडे माहितीपत्रकात द्यावेत असे कंपनीने लॅपटॉप बनविणाऱ्यांना सांगितले खरे. पण ते छापले कोठे असतात? तळटीपेत, मुंगीच्या अक्षरांत.

लॅमिंग्टन रोडवर आम्ही चौघे गेलो तो रविवार नव्हता, म्हणून बरे. रविवारी तेथे बरीच दुकाने बंद असतात, आणि उघड्या दुकानांत उभे राहावयास जागा नसते. दुकानदार मनुष्य बोलका. त्याने दोन यंत्रे काढून ठेवली. दोन्हींत ‘आरटीएक्स ५०६०’, दोन्हींत ८ जीबी. एक दीड किलोच्या आतबाहेरचे, चांदीच्या तबकासारखे सुबक. दुसरे काळे, अडीच किलोंचे, मागून कोळशाच्या शेगडीसारखी भोके. तबकाची किंमत दीड लाखाच्या जवळ, शेगडीची सव्वा लाखाच्या आत. भाचीचे डोळे तबकावर खिळले, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. सकाळी आठच्या लोकलने डोंबिवलीहून जो निघतो त्याला खांद्यावरचा एक किलो म्हणजे काय हे विचारावे. त्यात शेगडीबरोबरची विजेची वीट वेगळीच.

“साहेब, आत कार्ड सेमच आहे. दिसायला चांगलं हवं तर हे घ्या,” दुकानदार म्हणाला.

मी दोन्ही यंत्रे चालू करावयास सांगितले. एनव्हिडियाच्या ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ म्हणून एक पान असते. त्यावर ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी एक ओळ असते. वाचकांनी या लेखातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी ही ओळ ठेवावी. तबकात आकडा निघाला ६५ वॅट. शेगडीत ११५.

“म्हणजे हे महागाचं यंत्र हळू चालतं?” ताईने विचारले.

“मॅडम, हळू नाही. तसं कूल चालतं,” दुकानदार म्हणाला. उत्तर वकिली होते, पण खोटे नव्हते. सडपातळ बांध्याचीही किंमत असते, आणि रोज विमानाने फिरणाऱ्या माणसाला ती द्यावीशी वाटेल.

मग त्याने ‘५०७०’ वाल्या यंत्राकडे वळविले. पंचवीस-तीस हजार जास्त. येथे दुसरी गोष्ट पाहावयाची, ती कार्डाची स्वतःची स्मृती. गणक म्हणजे शाळेतली पोरे, तर ही स्मृती म्हणजे त्यांचा वर्ग. पोरे वाढविली आणि वर्ग तेवढाच ठेवला तर काय होईल? लॅपटॉपच्या ‘५०७०’ मध्ये गणक ४,६०८, पण स्मृती ‘५०६०’ इतकीच, ८ जीबी. भाचीचे त्रिमिती दृश्य या स्मृतीत मावेनासे झाले की काम रांगू लागते, नाहीतर स्मृती संपल्याचा निरोप पडद्यावर झळकून थांबते. महागडे कार्ड तेथे काही करू शकत नाही. खेळांतही तेच. नव्या मोठ्या खेळांची कातडी (भिंती, कपडे, झाडे यांची रंगीत पटले) जागा भरून टाकतात आणि चित्र उचक्या देऊ लागते. २०२१ च्या ‘आरटीएक्स ३०५०’ मध्ये ४ जीबी होते, ‘४०५०’ मध्ये ६. ही यंत्रे अजून कोठे कोठे स्वस्तात दिसतात. तासभर खेळावयास ती चालतील, पण चार वर्षे कलाकाम करावयाचे असेल तर ८ जीबीच्या खाली उतरू नये. आणि वर जावयाचे तर ‘५०७० टीआय’च्या १२ जीबीपर्यंत जावे, मधल्या पायरीवर पैसे ओतू नयेत, पण तेथील किंमत ताईच्या ठेवीच्या पलीकडली होती.

तिसरी पाहणी पडद्याची, आणि येथे माझ्याहून ताईच जाणती निघाली. खेळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांत पडदा फार वेगाने चित्र बदलतो, १४४ वेळा वगैरे, पण रंग फिकट असतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर तो पडदा चित्रकलेच्या विद्यार्थिनीने घेऊ नये. ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहिजे. कार्ड कितीही चांगले असले तरी या पडद्यावर लाल कुंकवाचा रंग विटकरी दिसतो, मुलगी तो दुरुस्त करावयास जाते, आणि छापून आल्यावर भडक निघतो. हे मी समजावून सांगू लागलो तर ताई म्हणाली, “साडीच्या दुकानातल्या ट्यूबलाइटसारखंच की! पैठणी दारात उजेडात नेऊन बघायची असते.” आणि तिने खरोखरच भाचीच्या फोनवरचे गणपतीचे एक चित्र दोन्ही पडद्यांवर लावून शेजारी शेजारी पाहिले. शेगडीचा पडदा सुदैवाने शंभर टक्क्यांचा होता.

राहिला वजनाचा प्रश्न. माझ्या मते असल्या वेळी शिफारस करणाऱ्याने गप्प बसावे. खांदा ज्याचा त्याचा. पण ताईने भाचीला विचारले, “रोज न्यावा लागेल का गं?” कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रे आहेत, आपले काम छोट्या बाह्य डिस्कवर नेता येते, प्रत्यक्ष लॅपटॉप नेण्याचे दिवस महिन्यातून दोनतीन, असे निघाले. मुलगी क्षणभर तबकाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “मामा, काळाच घेऊ या. रेंडर करताना तो थोडाच सुंदर दिसायला लागतो?” भाच्याचे मत कोणी विचारले नव्हते, तरी त्याचा चेहरा उजळला.

उरलेल्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी, एक बाह्य डिस्क आणि वाढीव हमी घेतली. या हमीबद्दल पुष्कळ लोक नाक मुरडतात. पंख्याला किंवा इस्त्रीला मीही घेणार नाही. परंतु येथे कार्ड बिघडले म्हणजे बहुधा सगळी मुख्य पाटीच बदलावी लागते, तेव्हा तेथे काटकसर नको. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक घालून घेतला, आणि खोक्यातले नवे यंत्र दुकानातच उघडून पुन्हा तीच ओळ पाहिली. दाखवावयाचे यंत्र एक आणि बांधून द्यावयाचे दुसरे असू शकते. दुकानदार हसला, पण रागावला नाही.

घरी आल्यावर काही पथ्ये मी लिहून दिली आहेत. कार्ड आपली पूर्ण ताकद विजेच्या वायरीवरच दाखविते. बॅटरीवर ते स्वतःला आवरून घेते, तेव्हा ‘खेळ अडखळतो’ म्हणून तक्रार करण्यापूर्वी वायर लावली आहे का ते पाहावे. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नये. खालची भोके बुजली की ११५ वॅटांचे ६५ व्हावयास वेळ लागत नाही, आणि मग तबकच काय वाईट होते? सहा महिन्यांनी पंख्यांतला धूळ-कचरा साफ करून घ्यावा. कार्डाच्या चालक-प्रणालीचे दोन प्रकार मिळतात, खेळवाल्यांसाठी ‘गेम रेडी’ आणि कलावाल्यांसाठी ‘स्टुडिओ’. आपण स्टुडिओच ठेवावी, खेळ तिच्यावरही चालतात.

यंत्राच्या वाटणीचा तह मात्र ताईने स्वतः केला आहे. संध्याकाळी सात ते आठ भाच्याची पाळी. जेवणे उरकली की भाची बसते, आणि अकरा वाजता रेंडर लावून झोपते. पंख्याचा आवाज फार होतो म्हणून काळी शेगडी रात्रीपुरती बाहेरच्या खोलीत, लाकडी पाटावर ठेवलेली असते. दिवाळीसाठी ती दहा सेकंदांची एक फीत करते आहे: तुळशीवृंदावन, कट्ट्यावर पाच पणत्या, वाऱ्याने हलणाऱ्या त्यांच्या ज्योती. एका चौकटीला सध्या दीड मिनिट लागते. पणत्यांच्या सावल्या अजून तिच्या मनासारख्या पडत नाहीत, म्हणून काल पुन्हा पहिल्यापासून लावली.